टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, मग घडलं का नाही?

प्रश्न उदगीरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा आहे. त्यांच्या साडूची मुलगी सोळा वर्षांची आहे, पाळी अजून आलेली नाही. सोनोग्राफीत पिशवी दिसली नाही, दोन्ही जांघांत मात्र गाठी दिसल्या. रक्त तपासलं तर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा नकाशा, ४६ एक्सवाय, आणि टेस्टोस्टेरॉन वयात आलेल्या मुलाइतकं. डॉक्टर 'अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं) रिसेप्टर काम करत नाही' एवढंच सांगून पुढच्या पेशंटकडे वळले. सर विचारतात, "वाय असला की मुलगा, असं मी वर्षानुवर्षं शिकवतोय. इथे वाय आहे, हार्मोन आहे, मग मुलाचे अवयव का घडले नाहीत? पुरुषाची ही सगळी यंत्रणा घडताना या रिसेप्टरचं नेमकं काम काय?" आणि शेवटी एक ओळ जोडली आहे : "तिच्या धाकट्या बहिणीचं दोन वर्षांची असताना अंतर्गळाचं ऑपरेशन झालंय, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा."

सर, संबंध असण्याची दाट शक्यता आहे. पण त्या ऑपरेशनकडे नंतर येतो. आधी तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालतो, तो उलगडला की अंतर्गळाचंही कोडं उरणार नाही.

मी लहान मुलांचा सर्जन. लघवीची जागा खाली असलेली मुलं, गोळी, म्हणजे वृषण, खाली न उतरलेली मुलं, अंतर्गळ घेऊन येणाऱ्या मुली, हेच माझं रोजचं काम. 'वाय असला की मुलगा' हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. या बाबतीत वायचं काम थोड्या दिवसांचं आणि एकाच ठिकाणचं. त्यावर एसआरवाय नावाचं जनुक आहे, ते १९९० साली सापडलं. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास, अजून कुठलीच दिशा न धरलेल्या ग्रंथीला ते वृषण व्हायला लावतं. झालं, संपलं. पुढची बांधणी, म्हणजे शुक्रवाहिनी, शुक्राशय, प्रोस्टेट, शिश्न, वृषणकोश, यांतलं काहीही वायला विचारून होत नाही. ते हार्मोन करतं असं आपण म्हणतो आणि तिथेच उरलेलं अर्धं निसटतं. हार्मोन स्वतः काही बांधत नाही. बांधायला लावतो तो पेशीतला रिसेप्टर, आणि त्याचं जनुक वायवर नाहीच, ते एक्सवर आहे. म्हणजे मुलाला मुलाचं शरीर देणारं हे जनुक त्याला आईकडूनच मिळतं. वर्गात एकदा सांगून बघा, मागच्या बाकावरचेही माना वर करतील.

आता हा रिसेप्टर आहे तरी काय? सुमारे ९२० अमिनो आम्लांचं एक प्रथिन. हार्मोन नसताना ते पेशीद्रवात काही रक्षक प्रथिनांना धरून गप्प पडलेलं असतं. टेस्टोस्टेरॉन मेदात विरघळतं, त्यामुळे पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. ते आत येतं आणि प्रथिनाच्या शेवटच्या भागातल्या खोबणीत बसतं. ते बसलं की प्रथिनाचा आकार बदलतो, रक्षक प्रथिनं सुटतात, रिसेप्टर केंद्रकात जातो आणि दोघा-दोघांच्या जोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागा पकडतो. ही पकड मधल्या भागाची; तिथे जस्ताच्या अणूंभोवती वळलेली दोन बोटं असतात. मग सुरुवातीचा भाग मदतनीस प्रथिनं गोळा करतो आणि शेजारची जनुकं वाचली जाऊ लागतात. खोबणी बिघडली तर हार्मोन बसत नाही. बोटं बिघडली तर हार्मोन बसतं, पण डीएनए धरता येत नाही. कधी प्रथिन अर्धवटच तयार होतं. या जनुकातले हजाराहून जास्त दोष आजवर नोंदले गेलेत, पण शरीरावरचा परिणाम एकाच ओळीत कुठेतरी बसतो : अजिबात काम नाही, थोडं काम, जवळजवळ पूर्ण काम.

पीकविम्याचे पैसे खात्यावर जमा आहेत, पासबुकावर आकडा दिसतो, पण मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून हातात दमडी येत नाही. त्या मुलीच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचं हे असं आहे. आणि आकडा एवढा मोठा का, त्यालाही कारण आहे. 'आता पुरे' हे मेंदूतल्या केंद्रालाही याच रिसेप्टरमधून कळतं. तिथेही तो बंद, म्हणून वृषणाला चालना देणारं एलएच हे हार्मोन वाढत राहतं आणि वृषणाला 'अजून बनव' असा तगादा चालू राहतो. त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचं अरोमाटेज या एन्झाइममुळे इस्ट्रोजेन होतं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर निराळा आणि शाबूत. म्हणून छाती नीट भरते, अंगलट मुलीची होते, काखेत आणि जांघेत मात्र केस अगदी विरळ. तपासताना पाळी नाही, छाती चांगली आणि केस जवळपास नाहीत हे तिन्ही एकत्र दिसलं की कॅरिओटाइप येण्याआधीच अंदाज येतो. जन्मतः पिशवी नसलेल्या दुसऱ्या मुली असतात, ४६ एक्सएक्स असलेल्या. त्यांना केस इतर मुलींसारखेच येतात. दोघींच्या सोनोग्राफीवर 'गर्भाशय दिसत नाही' हीच ओळ असते, म्हणून नुसत्या रिपोर्टवर निदान ठरवू नये.

आता बांधणी. सातव्या आठवड्याच्या आसपास प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक वुल्फियन, दुसरी म्युलेरियन. वुल्फियनमधून पुरुषाचा आतला मार्ग व्हायचा, म्युलेरियनमधून पिशवी, गर्भनलिका आणि योनीचा वरचा भाग. पुढे कुठली जोडी राहते ते कोण ठरवतं, याचा उलगडा फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४०च्या दशकात सशांवर केला. मादीच्या पोटात असलेल्या सशाच्या गर्भाची ग्रंथी त्यांनी काढून टाकली. गर्भ नर असो वा मादी, आतली घडण मादीची झाली. मग ग्रंथीच्या जागी टेस्टोस्टेरॉन ठेवलं. वुल्फियन नळी टिकली, पण म्युलेरियन गेली नाही, तीही तशीच उभी. म्हणजे वृषणातून दोन निरोप निघतात. एक टेस्टोस्टेरॉन, लेडिग पेशींचा. दुसरा सर्टोली पेशींचा, ज्याला आज आपण अँटी-म्युलेरियन हार्मोन, थोडक्यात एएमएच म्हणतो.

तुमच्या मुलांना हे गोठ्यातून सांगता येईल. देवणी किंवा लाल कंधारी गाय जुळी व्याली आणि एक गोऱ्हा, एक कालवड निघाली, तर ती कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, दहातल्या नऊ तरी भाकड निघतात. वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भावाच्या वृषणातून निघालेले निरोप बहिणीच्या अंगात जातात. तिची पिशवी नीट घडतच नाही. अमेरिकेत फ्रँक लिली यांनी १९१६-१७ साली याचा अभ्यास मांडला आणि हार्मोनने लिंगाची घडण बदलते हा विचार तिथून जोर धरू लागला. माणसाच्या जुळ्यांत असं होत नाही, त्यामुळे जुळ्या भावाची बहीण म्हणून कुणा मुलीचं लग्न अडवणारे भेटले तर त्यांना बिनधास्त झापा.

आता त्या मुलीकडे या. तिच्या गाठी म्हणजे वृषणं. वृषणं असल्यामुळे एएमएच वेळेवर निघालं. त्याचा रिसेप्टर वेगळा आणि धडधाकट, म्हणून म्युलेरियन जोडी विरून गेली. पिशवी नाही ती यामुळे. टेस्टोस्टेरॉनही निघालं, पण ते वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून वुल्फियन जोडीही विरली. आत दोन्हींपैकी काहीच उरलं नाही. पालक विचारतात, 'मग आत आहे तरी काय?' खरं उत्तर हेच, की योनीमार्ग आहे, तो आखूड आणि वर बंद आहे, आणि बाकी सगळं शरीर मुलीचं आहे.

वुल्फियन नळी टिकणं हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग, जरा थांबून सांगतो. आपल्याला वाटतं, टेस्टोस्टेरॉन रक्तात मिसळलं की सगळीकडे सारखं पोहोचत असेल. इथे तसं नाही. प्रत्येक वृषण आपल्याच बाजूच्या नळीला शेजारून टेस्टोस्टेरॉन पुरवतं, आणि ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी दाट असतं. एका बाजूला वृषण आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट ग्रंथी असलेल्या बाळांत शुक्रवाहिनी एकाच बाजूला सापडते, ती यामुळे. उलटं उदाहरणही आहे. अधिवृक्क, म्हणजे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषात मुलीच्या गर्भात अँड्रोजेन खूप वाढतं, इतकं की बाहेरची जागा मुलासारखी दिसू लागते. पण तिच्या वुल्फियन नळ्या सहसा टिकत नाहीत, कारण रक्तातून आलेलं त्यांना पुरत नाही.

शिवाय, नळीच्या आतल्या अस्तराला टेस्टोस्टेरॉन थेट सांगत नाही. रिसेप्टर आधी नळीभोवतीच्या सैल ऊतीत जागे होतात. ती ऊती वाढीचे घटक सोडते, त्यावर अस्तर वाढतं, लांबतं, वळतं. वरचा भाग वेटोळी घेत अधिवृषण होतो, प्रौढ माणसात तो उलगडून मोजला तर सुमारे सहा मीटर भरतो. मधला भाग जाड स्नायूंची सरळ शुक्रवाहिनी होतो, खालून शुक्राशयाची पिशवी फुटते. एकच हार्मोन, एकच रिसेप्टर, तरी तीन वेगळे अवयव. कारण कुठला तुकडा काय होणार हे हॉक्स जनुकांनी आधीच आखून ठेवलेलं असतं. याच नळीच्या खालच्या टोकातून मूत्रवाहिनीचा अंकुरही फुटतो. म्हणून एका बाजूची शुक्रवाहिनी हाताला लागली नाही की आम्ही त्या बाजूची किडनी सोनोग्राफीवर बघतो.

पुस्तकात अजून एक वाक्य असतं, ते दुरुस्त करून शिकवा : 'हार्मोन नसलं की आपोआप मुलगी होते.' मुलीच्या गर्भात वुल्फियन नळी नुसती उपासमारीने जात नाही. २०१७ साली उंदरांवरच्या कामात दिसलं की सीओयूपी-टीएफ २ नावाचं प्रथिन तिला मुद्दाम हटवतं. अंडाशय घडवणारी जनुकंही आपापलं काम करत असतात. मुलगी ही काहीच न घडल्याची खूण नव्हे.

बाहेरच्या भागाची गोष्ट थोडी वेगळी. प्रोस्टेट, शिश्न, मूत्रमार्ग आणि वृषणकोश वृषणापासून लांब. तिथे रक्तातून येणारं पातळ टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. मग त्या जागच्या पेशी पाच-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम वापरून त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी करतात. रिसेप्टर तोच. पण डीएचटी त्यात घट्ट बसतं आणि लवकर सुटत नाही, त्यामुळे थोड्यातही काम भागतं. या जोरावर अंकुराचं शिश्न होतं, खालच्या दोन घड्या मागून पुढे मिटत जाऊन मूत्रमार्गाची नळी बंद होते, बाजूचे दोन उंचवटे मध्ये येऊन जुळतात आणि वृषणकोश होतो. कोशाच्या मधोमध जी शिवण दिसते ती त्या जुळण्याचीच.

हे एन्झाइम नसलं तर काय होतं, ते डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका वस्तीने दाखवून दिलं. १९७४ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुली म्हणून वाढवलेली काही मुलं वयात येताना बदलली, आवाज फुटला, शिश्न वाढलं. त्यांचा रिसेप्टर चांगला होता, आतल्या शुक्रवाहिन्याही जागेवर होत्या, कारण वुल्फियन नळीला टेस्टोस्टेरॉनच पुरतं. गर्भात अडलं होतं ते फक्त डीएचटीचं काम. त्यांचं प्रोस्टेट प्रौढपणीही लहान राहतं, आणि म्हाताऱ्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ते फिनास्टेराइड याच धाग्याने पुढे आलं.

प्रोस्टेटवरून जेराल्ड कुन्हा यांचा प्रयोग आठवतो. ज्यांचा अँड्रोजेन रिसेप्टर जन्मतः बंद असतो असे उंदीर आहेत, मेरी लायन यांनी १९७० साली त्यांचं वर्णन केलं. कुन्हा यांनी अशा उंदराचं अस्तर घेतलं आणि त्याला साध्या उंदराची भोवतालची ऊती जोडली. प्रोस्टेट झालं. उलट जोडणी केली, म्हणजे अस्तर चांगलं, भोवतालची ऊती रिसेप्टर बंद असलेली, तर प्रोस्टेट झालं नाही. आज्ञा ऐकणारा आणि घडणारा वेगवेगळे असतात, हे याहून स्वच्छ कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. परीक्षेत विचारा, मुलं गडबडतात.

आता वेळेचं गणित, कारण माझ्या रोजच्या कामात तेच उपयोगी पडतं. टेस्टोस्टेरॉन आठव्या-नवव्या आठवड्यात सुरू होतं आणि अकरा ते चौदाच्या दरम्यान शिगेला पोहोचतं. साधारण आठ ते चौदा आठवडे ही मुलाच्या घडणीची खिडकी. या काळात रिसेप्टरचं काम कमी पडलं तर पुढे कितीही हार्मोन मिळालं तरी ती जोडणी परत होत नाही. आपल्याकडे बाईला दिवस गेल्याचं घरात कळून, नाव नोंदवून, पहिली तपासणी होईपर्यंत बारा आठवडे सहज होतात. खिडकी अर्ध्याहून जास्त सरलेली असते.

त्यामुळे बाळ बघताना 'कुठे थांबलं' यावरून 'केव्हा थांबलं' ते वाचता येतं. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असेल, त्वचा वरच्या बाजूला टोपीसारखी गोळा झालेली असेल, शिश्न खाली वाकलेलं असेल, तर अडचण चौदाव्या-पंधराव्या आठवड्याच्या आत झाली. मूत्रमार्ग अगदी नीट, पण शिश्न फारच लहान, नवजात बाळात ताणून अडीच सेंटीमीटरच्या आत, तर अडचण नंतरची. सुरुवातीला वृषणाला आईच्या वारेतलं एचसीजी हे हार्मोन चालवतं, पुढे बाळाच्या स्वतःच्या पिट्युटरीने, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीने, एलएच द्यायचं असतं. तिथे कमी पडलं की घडण पूर्ण होते, वाढ राहते. अशा बाळाची साखरही बघावी, कारण पिट्युटरीची बाकीची हार्मोनंही कमी असू शकतात.

गोळी उतरण्याचेही दोन टप्पे. पोटातून जांघेपर्यंत आणण्याचं काम मुख्यतः आयएनएसएल ३ या दुसऱ्या हार्मोनचं. जांघेतून कोशात, साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात, ते अँड्रोजेनचं. रिसेप्टर बंद असलेल्या मुलींत गाठी जांघेत किंवा पोटात अडकतात त्या यामुळे.

नवजात मुलगा तपासताना हात गरम करून घ्यायचा, बोटं वरून जांघेकडून खाली सरकवत यायची आणि गोळी कोशात धरायची. थंड हाताने ती वर पळते आणि उगाच 'उतरली नाही' असा शेरा पडतो. सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची, नंतर ती स्वतःहून उतरत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. 'मोठा झाला की उतरंल' म्हणत सात-आठ वर्षांचं पोरगं घेऊन येणारे आजोबा अजून भेटतात. आणि त्वचेची ती टोपी पाहून 'याची सुंता आईच्या पोटातच झाली' असं कौतुकाने सांगणारी घरंही आहेत. अशा बाळाची लघवीची धार कुठून येते ते बघा. छिद्र खाली असेल तर सुंता करू नका, मूत्रमार्ग बांधायला तीच कातडी लागते.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, मुलगा म्हणून दाखवलेल्या बाळाची एकही गोळी हाताला लागत नसेल तर त्याच आठवड्यात सोडियम, पोटॅशियम आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासा. ती अधिवृक्काचा दोष असलेली मुलगी असू शकते. दुसऱ्या आठवड्यात अशी बाळं उलट्या करत, सुकत जातात आणि 'जुलाब-उलटी' समजून हातची जातात.

यातून एक गोष्ट लक्षात आली असेल. हा रिसेप्टर मुलीच्या गर्भातही तितकाच हजर असतो. फरक असतो तो हार्मोनचा. म्हणूनच 'मुलगा व्हावा' म्हणून दीड-दोन महिने झाले की देतात त्या पुड्यांचा मला संताप येतो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्यामुळे अशा पुड्यांना गिऱ्हाईक का मिळतं ते वेगळं सांगायला नको. लिंग शुक्राणू आणि बीज एकत्र येतात तेव्हाच ठरलेलं असतं, पुडी ते बदलत नाही. हरियाणात गोळा केलेल्या अशा औषधांत टेस्टोस्टेरॉन आणि वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन सापडलेलं आहे. पोटात मुलगी असेल आणि पुडीत अँड्रोजेन असेल, तर ते ऐन खिडकीत तिच्या शाबूत रिसेप्टरवर जाऊन बसणार. मुलगा होणार नाही, मुलीची घडण बिघडेल. घरातल्या इतर गोळ्यांचंही सांगतो. नवऱ्याच्या केसांसाठीचं फिनास्टेराइड गरोदर बाईने फोडू-कुटू नये, आणि मुरुमांसाठी किंवा हनुवटीवरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर दिवस राहण्याआधी बंद करावं, कारण ते हाच रिसेप्टर अडवतं.

आता धाकटी. मुलीच्या अंतर्गळाच्या पिशवीत अंडाशय येणं नवीन नाही. पण अंडाशय असेल तर त्याला लागून गर्भनलिका आणि तिची झालर दिसतेच. ऑपरेशनमध्ये नुसतीच गुळगुळीत, फिकट, लांबट गाठ दिसली आणि नळी नसली तर तिथेच थांबून विचार करायला हवा. अंतर्गळ असलेल्या मुलींपैकी शंभरात एक-दोघी या दोषाच्या निघतात. घाईत गाठ आत ढकलून टाके घातले की निदान पाळीच्या वयापर्यंत लांबतं. तिचा जुना ऑपरेशनचा कागद शोधा, त्यात गाठीबद्दल काय लिहिलंय ते बघा. त्यातच गणित जोडा. आई वाहक असेल, म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्सवर हा दोष असेल, तर तिच्या चार संभाव्य बाळांत एक निरोगी मुलगा, एक साधी मुलगी, एक वाहक मुलगी आणि एक ४६ एक्सवाय असून मुलीसारखी. यातला मुलगा वगळला तर मुलगी म्हणून जन्मलेल्या कुठल्याही बाळाला शक्यता तीनात एक. अंतर्गळाचा इतिहास असल्यावर तर त्याहून पुष्कळ जास्त. कॅरिओटाइप आत्ताच करा, पाळीची वाट बघू नका.

वंशावळ काढताना आम्ही इथे दोन प्रश्न हमखास विचारतो. नवरा-बायको मामा-आत्याची पोरं आहेत का? आणि एखादी मावशी 'पाळीच न आलेली' आहे का? पाच-अल्फा रिडक्टेजचा दोष दोन्हीकडून यावा लागतो, म्हणून मामाची पोरगी करून घेतलेल्या घरात तो जास्त दिसतो. रिसेप्टरचा दोष फक्त आईकडून येतो, सोयरीक कुठलीही असो. दहातल्या सुमारे तीन घरांत मात्र तो आधी कुणातच नसतो, त्या बाळातच नव्याने उद्भवतो.

मोठ्या मुलीबद्दल. तिला कुणीही 'तू खरं तर मुलगा आहेस' म्हणू नये. ते शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे, तिच्या एकाही पेशीने ते हार्मोन कधी वाचलेलं नाही, मेंदूतल्याही नाही. स्पेनची अडथळा-शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ साली कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्रांच्या चाचणीमुळे बाहेर काढली गेली. तिलाही हाच दोष होता. टेस्टोस्टेरॉनचा तिला काडीचा फायदा नव्हता हे पटल्यावर १९८८ साली तिला परत मान्यता मिळाली. मुलीला हे कळायला हवं, तिच्या वयाला पेलेल तसं, शक्यतो समुपदेशक बरोबर असताना. लपवलेलं रिपोर्टवरून एक दिवस कळतंच आणि मग घरच्यांवरचा विश्वास जातो.

गाठी काढायची घाई करू नका. वयात येण्याआधी त्यांत कर्करोग होण्याचा धोका फार कमी असतो, आणि त्यांच्याच टेस्टोस्टेरॉनपासून बनलेल्या इस्ट्रोजेनवर तिची छाती आणि हाडं तयार होतात. काढल्या तर तिला पुढे बरीच वर्षं इस्ट्रोजेन घ्यावं लागेल. प्रौढपणी धोका थोडा वाढतो, तेव्हा काढायच्या की ठेवून लक्ष ठेवायचं हे तिने स्वतः डॉक्टरांशी बोलून ठरवावं. योनीमार्ग आखूड असला तरी पुढे डायलेटरने, बहुतेकदा ऑपरेशनशिवाय, वाढवता येतो. मूल तिच्या पोटी होणार नाही. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी ही गोष्ट तिच्यापासून लपलेली नसावी.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी मोठ्या मुलीची अँड्रोजेन रिसेप्टर जनुकाची तपासणी. आपल्याकडून नमुना पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जातो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. दोष नेमका कुठला ते कळलं की तोच दोष तिच्या आईत शोधायचा. आईत सापडला तर पुढची तपासणी आईच्या बहिणींची. त्या बहिणींत तुमच्या पत्नीही येतात, सर. तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. तुमच्या मुलाची घडण नीट असेल तर त्याला हा दोष नाही आणि तो पुढच्या पिढीला देऊही शकत नाही. मुलीला पाळी येत असेल तर तिलाही हा आजार नाही, मात्र ती वाहक असू शकते. पत्नीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तेवढंही उरत नाही. पॉझिटिव्ह आला तर मुलीची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिच्या इच्छेने करा.